निळा जोड

वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली आणि तेजस्विनीच्या तोंडाचं कुलूप जे उघडलं ते पुन्हा लागलंच नाही. त्याआधीची तेजस्विनी वेगळीच होती. पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची, उत्तर येत असूनही वर्गात हात वर करायची नाही. आता दहावीत गेलेली ही पोरगी भाजीवाल्याशी घासाघीस करायची, गॅसवाल्याला फोनवर झापायची, आणि घरात साधा मिक्सर घ्यायचा म्हटला तरी पप्पा म्हणायचे, "थांबा, आमच्या वकीलबाईंना विचारू द्या."

पप्पा म्हणजे शेखर. ओझरच्या कारखान्यात कामाला होते, पण जीव सगळा धरणाकाठच्या जमिनीत. ती जमीन पावसाळाभर पाण्याखाली असते. पाणी उतरायला लागलं की खालचा काळाभोर गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळात हरभरा टाकला तर असा येतो की बघत राहावं. खत नको, पाणी नको. याला म्हणतात गाळपेर. अडचण एकच, तिथं पोचायचं कसं? होडी घेऊन जावं तर ती गाळात बसते, आणि ट्रॅक्टर घालावा तर तो पोटापर्यंत रुततो. गेल्या वर्षी पप्पांचा ट्रॅक्टर रुतला, तो काढायला गेलेला दुसरा रुतला, दुसऱ्याला काढायला तिसरा गेला. गावात अजून त्याला 'शेखरची वरात' म्हणतात.

"पप्पा, आपल्याला पाण्यात पण चालेल आणि चिखलात पण चालेल अशी गाडी पाहिजे," तेजस्विनीने मोबाइल पुढे केला. आठ चाकांची, टबासारखी दिसणारी एक गाडी दणादण उड्या मारत तळ्यात शिरत होती आणि तशीच पोहत पलीकडे निघत होती.

"किंमत बघ ना खाली," तिचा मोठा भाऊ रविराज म्हणाला. "तेवढ्यात आपल्या घरावर दोन मजले चढतील."

"नवी कोण घेतंय? जुनी बघायची."

"पप्पांकडे आहेत दोन लाख. दोन लाखांत पाण्यात तरंगणारी एकच वस्तू मिळते, तेजू. बादली."

झालं! बादली म्हटल्यावर तेजस्विनी इरेला पेटली. सहामाही परीक्षा चालू असताना तिने अशा गाड्यांचे इतके व्हिडिओ पाहिले की स्वप्नातही चाकं दिसायला लागली. चेन सैल आहे का बघायची, चाक हातानं हलवून बेअरिंग तपासायचं, तळाला चीर आहे का बघायची, आणि पाण्यात घालून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हे सगळं ती जेवताना घरच्यांना ऐकवायची. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत तिला ती जाहिरात सापडली. फोटो वाकडा, खाली एवढंच: 'आठ चाके. पाण्यात चालते. पिवळी. पेठ.'

गाडी होती बारकू नावाच्या माणसाची. पेठच्या डोंगरात, एका छोट्या धरणाच्या कडेला त्यांचा पाडा. पाड्यातून शाळेला, बाजाराला, दवाखान्याला जायचं तर मधे पाण्याचा एक फाटा आडवा येतो. डोंगराला वळसा घालून कच्चा रस्ता आहे, पण पाड्यात कोणाकडे जीप-टेम्पो नाही, आणि पायी गेलं तर अर्धी सकाळ जाते. बारकूकाका आधी जवळच्या एका पर्यटकांच्या कॅम्पवर ही गाडी चालवायचे. कॅम्प बंद पडला तेव्हा तळाला मोठी चीर गेलेली ही गाडी त्यांनी भंगाराच्या भावात घेतली, प्लॅस्टिकच्या निळ्या ड्रमचे तुकडे वितळवून स्वतःच्या हातानं चीर सांधली, आणि पाड्याची तर सुरू केली. तर म्हणजे माणसांना पाण्यापलीकडे नेण्या-आणण्याचं काम. तिकीट वगैरे काही नाही. भाताची झोडणी झाली की घरटी ठरलेलं भात बारकूच्या कणगीत पडायचं, मग वर्षभर कितीही वेळा या आणि जा.

"मंग इकता कामून?" पप्पांनी मुद्दाम गावच्या बोलीत विचारलं. त्यांना वाटायचं त्यानं भाव उतरतो.

"हिच्यात चौघंच बसत्यात, भाऊ," बारकूकाका म्हणाले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. "पाड्यात पोरं वाढली. मोटारची बोट बघून ठेवलीय, मोठी. ही इकली का ती येनार."

तेजस्विनीने बाह्या सरसावल्या. चेन पाहिली, चाकं हलवली, वाकून तळ पाहिला. पिवळ्या तळावर मागच्या बाजूला हातभर निळी पट्टी होती, आतून-बाहेरून, अगदी दिसेल अशी.

"काका, हे काय?"

"चीर व्हती. मी जोड दिला. दोन पावसाळं झालं, थेंब नाय आला."

"तरी पण तळाला जोड म्हटलं की किंमत कमी होते. सगळीकडे होते," तेजस्विनी म्हणाली.

"सगळीकडं व्हत आसंल," ते शांतपणे म्हणाले. "पर जोड माझा हाय."

सकाळभर घासाघीस झाली आणि बारकूकाका एका रुपयानं खाली आले नाहीत. अडीच लाख म्हणजे अडीच लाख. तेजस्विनीची सगळी वकिली त्या 'माझा हाय' वर येऊन आपटत होती. तोपर्यंत काकांच्या मुलीशी, ज्योत्स्नाशी, मात्र तिची गट्टी जमली. ज्योत्स्नाही दहावीतच, जाहिरात तिनेच टाकलेली. दोघींनी नंबर घेतले, आपापल्या गणिताच्या बाईंना नावं ठेवली, एकमेकींच्या केसांचं कौतुक केलं.

"भाव ठरंल तवा ठरंल, आधी पान्यात तं घालून बघा," काकांची बायको फुलाबाई चहा घेऊन आली. "पर आमच्यात रीत हाय बाय. गाडी दुसऱ्याच्या घरी चालली का त्या घरच्या लेकीनं ती धुवावी, हळदकुकू लावावं, मंगच ती पान्यात घालायची. न्हाईतर गाडी नव्या मानसाला धरत नाय. तू धू, पोरी."

तेजस्विनीला काय, तेवढंच पाहिजे होतं! ज्योत्स्ना बादल्या भरून देत होती आणि ही गाडीत उभी राहून खसाखसा घासत होती. वाळलेला गाळ सुटला, टबात गढूळ पाणी साचलं. आता हे काढायचं कसं, असं ज्योत्स्ना म्हणेपर्यंत तेजस्विनीने व्हिडिओत पाहिलेलं आठवून मागच्या बाजूचं, तळाजवळचं अंगठ्याएवढं बूच फिरवून काढलंसुद्धा. भसाभसा पाणी गेलं.

"तुला लय म्हाईत हाय गं," ज्योत्स्ना म्हणाली आणि हळदकुंकवाचं ताट आणायला पळाली.

तेजस्विनीने बूच जीन्सच्या खिशात टाकलं. मग हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, फोटो झाले. तोवर पाड्यातली बरीच माणसं काठावर जमली होती. बारकूकाका पाण्यात घालण्याआधी गाडीमागे वाकायला लागले, तर तेजस्विनी टाळ्या वाजवत म्हणाली, "मी सगळं चेक केलंय काका, चला, बसा!" धुणाऱ्या लेकीच्या शब्दावर शंका कशी घ्यायची? ते हसले आणि जाऊन बसले. पुढे काका आणि पप्पा, मागे ती आणि रविराज.

गाडी पाण्यात शिरली तेव्हा तेजस्विनी किंचाळलीच. आठही चाकं पाण्यात गरागरा फिरत होती आणि गाडी बदकासारखी चालली होती. पप्पा लहान मुलासारखे हसत होते. पलीकडचा काठ जवळ आला, काकांनी गाडी वळवली, आणि परतीच्या निम्म्या वाटेवर रविराज म्हणाला, "पप्पा, माझे बूट ओले का झाले?"

खाली पाणी होतं. बघता बघता ते घोट्याला लागलं.

तेजस्विनीचा हात आपोआप खिशावर गेला. बूच तिथंच होतं.

काकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. इंजिनाचा आवाज वाढवला आणि गाडी सरळ काठाकडे घेतली. काठावरची माणसं ओरडायला लागली होती. पुढची चाकं चिखलाला टेकली, पण आत पाणी भरल्यानं गाडी जड झाली होती, चढेना. "उतरा! ढकला!" पप्पा एका बाजूनं उतरले, रविराज दुसऱ्या बाजूनं. उतरता उतरता तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ही म्हणे एक्स्पर्ट! सगळं चेक केलंय म्हणे!" काठावर कोणीतरी खो-खो हसलं.

तेजस्विनी मागच्या बाजूनं पाण्यात उतरली, कमरेपर्यंत. एक वाक्य पुरलं असतं. 'काका, बूच माझ्या खिशातच राहिलं!' सगळे हसले असते, सगळ्यात आधी काका हसले असते, रविराजनं वर्षभर चिडवलं असतं, आणि संपलं असतं. पण ते वाक्य तोंडातून निघेना. सगळ्या पाड्यासमोर, पप्पांसमोर, 'तुला लय म्हाईत हाय' म्हणणाऱ्या ज्योत्स्नासमोर? तिचा हात पाण्याखाली गेला, भोक चाचपलं, बूच बसवलं, आणि फिरवून घट्ट केलं. मग तिने दोन्ही हातांनी गाडी ढकलली. सगळ्यांपेक्षा जास्त जोर लावून ढकलली.

गाडी वर आली. बारकूकाका आधी मागेच गेले. गुडघ्यावर बसले, बुचाला हात लावला. फिरवून पाहिलं. मग त्यांनी ते स्वतः काढलं, आणि आतलं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

"बूच तं घट व्हतं, बारकू," मागून आवाज आला. हिरामणबाबा, पाड्यातला सगळ्यात जुना माणूस, काठी टेकत पुढं आला होता. "मंग पानी आलं कुठून?"

सगळ्यांचे डोळे निळ्या पट्टीवर गेले. काकांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मंग माझाच जोड गेला आसंल," ते म्हणाले.

"हिच्यात आमची पोरं नेत व्हतास तू," हिरामणबाबा म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

पप्पांनी तेजस्विनीच्या कानाशी तोंड नेलं. "बोल आता. हीच वेळ आहे." आणि खरं सांगायचं तर इथंच ती पुरती बुडाली. बूच विसरणं ही चूक होती, ते गुपचूप बसवणं हा भित्रेपणा होता. पण यापुढचं जे झालं त्याला दुसरं नाव नाही. कारण ती बोलली. स्टेजवर माईक समोर आल्यावर जसे शब्द आपोआप सुटतात तसे सुटले. "काका, गाडी छान आहे हो. पण आता तळच गळतोय म्हटल्यावर, खर्च तर आम्हालाच..."

"तुमी म्हनाल ते द्या," काकांनी तिला वाक्य पुरंही करू दिलं नाही. सकाळभर न हललेला माणूस, मान खाली घालून म्हणाला. पप्पांनी पावणेदोन सांगितले. काकांनी मान डोलावली.

परतताना पिकअपवर पिवळी गाडी, आणि पुढे बसलेले पप्पा खूश. "पोरगी नाही, हिरा आहे हिरा!" त्यांनी वाटेत मिसळ खाऊ घातली. तेजस्विनीने दोन घास खाल्ले आणि प्लेट सरकवली. तिखट लागतंय म्हणाली.

"तुला? तिखट?" रविराजनं तिची प्लेट ओढली. "बघू, मी बघतो किती तिखट आहे ते."

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. गाडी थेंबभरही गळली नाही. गाळातून, पाण्यातून, पुन्हा गाळातून पप्पा ती पळवत होते, बियाणं नेत होते, बायांना कामावर नेत होते. गावातल्या मेकॅनिकनं तळ तपासला आणि म्हणाला, "जोड एक नंबर मारलाय. बाकीचा तळ फाटेल, हा नाही फाटायचा."

"मग त्या दिवशी पाणी कसं आलं?" पप्पांनी विचारलं.

"आलं असेल वरून. लाटबीट."

"असेल," पप्पा म्हणाले आणि विषय बदलला. तेजस्विनी तिथंच उभी होती. तिला वाटलं, आता पप्पा वळून आपल्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

गावात मात्र तिचं नाव झालं. कोणाला जुनी स्कूटी घ्यायची, कोणाला जुना फ्रिज. जो तो म्हणायचा, शेखरच्या पोरीला न्या, ती बरोबर भाव पाडते. कोणी असं म्हटलं की ती हसायची, आणि हसताना तिला पाण्याखालचा आपला हात दिसायचा, बूच फिरवणारा. शाळेत 'सत्य' या विषयावर बोलायला बाईंनी तिचं नाव दिलं तर तिने घसा बसल्याचं सांगितलं. चांगला खणखणीत घसा होता.

ज्योत्स्ना आधी रोज मेसेज करायची, मग कमी झाली. डिसेंबरात एकदा तिचा आवाज आला, लांबलचक व्हॉइस मेसेज, मागं कोंबडा आरवतोय आणि ही बोलतेय.

"तेजू, कशी हायेस? आमचं काय विचारू नको. मोटारबोट राहिली, तेवढे पैसेच नाय झाले. बाबांनी जुनी होडी आनली, तिला खालून जोड दिला. पर कोनी बसत नाय गं. म्हनतात, ज्याचा एक जोड गळला त्याचे सगळेच गळनार. पोरं डोंगराकडून चालत जातात. होडीत मी एकटीच. एवढी मोठी होडी, आन बाबा मला एकटीला घेऊन जातात, एकटीला घेऊन येतात. आता रविवारी खळ्यावर सगळी बसनारेत, पाड्याची तर दुसऱ्याला देनार म्हनतात. बाबा काय बोलत नाय. फक्त तुझं विचारतात. गळती काढली का म्हनून विचार, म्हनतात. काढली नसंल तं त्या पोरीला पान्यात नेऊ नका म्हनावं."

तेजस्विनीने मेसेज एकदाच ऐकला. दुसऱ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही. ज्या माणसाला तिने सगळ्या पाड्यासमोर खाली मान घालायला लावली, तो तिला पाण्यात नेऊ नका म्हणत होता. तिला वाटलं, आपल्याला कोणीतरी मारावं. चांगलं फटकवावं.

पप्पा अंगणात गाडीची गाळानं भरलेली चाकं धूत होते. ती जाऊन समोर उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं. धुणं, बूच, खिसा, पाण्याखालचा हात.

पप्पा आधी हसले. त्यांना वाटलं गंमत करतेय. मग पाण्याची नळी तशीच वाहत राहिली.

"आणि वरून घासाघीस केलीस?" ते हळू म्हणाले. "ते माहीत असताना?"

तिने मान डोलावली. रडू नाही आलं; लाज इतकी वाटत होती की रडायला जागाच नव्हती.

पप्पांनी नळी बंद केली. उकिडवे बसून त्या निळ्या पट्टीवरून हात फिरवला. "मीच म्हटलं ना तुला, बोल आता, हीच वेळ आहे. गाडी गळेना तेव्हा मलाही कळायला पाहिजे होतं. कळलं असतं गं. मी पुढे विचारलंच नाही कोणाला." मग उठले. "राहिलेले पैसे हरभरा निघाला की देऊ. त्याचं मी बघतो. पण बोलायला तूच जायचंस. मी बाजूला उभा राहीन, बस्स."

"पप्पा, रविवारी गाडी घेऊन जायची. नुसतं बोलून नाही चालणार."

रविवारी खळ्यावर भाताचे ढीग आणि भोवती माणसं. बारकूकाका एका कडेला उकिडवे बसले होते, फुलाबाई बायकांत होती. तेजस्विनीने वाटेत पूर्ण भाषण तयार केलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट. उभी राहिली आणि त्यातलं एक अक्षर आठवेना.

"गाडी गळत नव्हती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागचे "काय? काय म्हनते?" करायला लागले. "गाडी गळत नव्हती. धुताना बूच मी काढलं होतं. माझ्या खिशात होतं. गाडी काठाला लागल्यावर मी पाण्यात हात घालून ते परत लावलं. कोणाला कळू नये म्हणून. काकांचा जोड चांगला आहे. पहिल्यापासून चांगला आहे."

खळ्यावरचे सगळे बारकूकाकांकडे वळले.

मग हिरामणबाबा खाकरला. "बारकूनं शिकवून आनलं का गं तुला, पोरी? हातची तर जाया लागली तवा?"

"नाही हो बाबा!"

"आन जोड तुमी नवा मारून आनला नसंल कशावरून?"

तो उठला, पिकअपवरून उतरवलेल्या गाडीपाशी गेला, वाकून पट्टीवर नख घासलं. जुना गाळ निघाला. "जुनाच दिसतोय," तो पुटपुटला, पण मान काही हलली नाही. "पर पानी म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

तेव्हा बारकूकाका पहिल्यांदा उठले. तेजस्विनीकडे आले. ती वाट बघत होती, शिव्यांची, थपडेची, कशाचीही.

"चपला काढ," ते म्हणाले. "मागं बस. पाय पट्टीवर ठेव. दोन्ही."

त्यांनी बूच लावलं, सगळ्यांना हात लावून बघायला लावलं, आणि गाडी पाण्यात घातली. पप्पा पुढे झाले तर काकांनी हातानंच थांबवलं. गाडीत दोघंच. थंडीचं गार प्लॅस्टिक तळव्यांना चावत होतं. तेजस्विनी खाली बघत होती, फक्त खाली, आपल्या पायांच्या बोटांकडे. निळी पट्टी कोरडी. पलीकडचा काठ आला, काका तिथं थांबले, इंजिन बंद केलं. गाडी नुसती पाण्यावर हलत राहिली.

"काका, माझं चुकलं," ती म्हणाली.

ते पाण्याकडे बघत होते. "तवा तू मागनं ढकलत व्हतीस ना," ते म्हणाले, "म्या बघितलं तुला. कमरेएवढ्या पान्यात. घरी जाऊन फुलीला म्हनलो, पोरगी लय गुनी हाय, सगळ्यांपरीस जोर लावत व्हती."

एवढंच म्हणाले. तिला माफ केलं म्हणाले नाहीत, नाही केलं असंही म्हणाले नाहीत. त्यापेक्षा थप्पड परवडली असती.

परत काठाला आले तेव्हा सगळा पाडा चिखलाच्या कडेपर्यंत आला होता. हिरामणबाबा सगळ्यात पुढे.

"तळवे दाखव," तो म्हणाला.

आजोबांच्या वयाच्या माणसासमोर पाय पसरून बसायचं नाही, हे घरी लहानपणापासून बजावलेलं. आणि इथे चाळीस-पन्नास माणसांसमोर तेजस्विनीला गाडीच्या काठावर बसून दोन्ही तळवे वर करावे लागले. चेहरा कानापर्यंत तापला. म्हाताऱ्यानं काठी काखेत धरली, वाकला, आणि आपला खरखरीत हात आधी एका तळव्यावरून फिरवला, मग दुसऱ्यावरून.

"कोरडं हायती," तो म्हणाला. मागे वळून जरा मोठ्यानं म्हणाला, "कोरडं हायती!"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकांत कुजबुज झाली. मग एक बाई कडेवरच्या पोराला सावरत निघाली आणि सरळ जाऊन बाजूला बांधलेल्या होडीत बसली. तिच्यामागून दोन शाळकरी पोरं. मग आणखी एक बाई, आणि मग एकामागून एक बरीच माणसं. बारकूकाका गाडीतून उतरले, पिवळ्या गाडीकडे वळूनही न बघता होडीकडे गेले आणि दोर सोडायला लागले. त्यांची पाठ ताठ झाली होती, एवढं मात्र तेजस्विनीला दिसलं.

पप्पा फुलाबाईशी हात जोडून काहीतरी बोलत होते. तेजस्विनी अजून तशीच बसली होती, तळवे वर. खाली घेऊ का, असं विचारायला कोणी उरलं नव्हतं.

ज्योत्स्ना तिच्या समोरून गेली. हातात वल्हं होतं. थांबली नाही, बघितलं नाही, जाता जाता फक्त म्हणाली, "पाय घे आता खाली."

आणि होडीत जाऊन मागच्या फळीवर बसली. पुढे जागाच राहिली नव्हती.